जिताड्याचे लार्व्हा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात धक्क्याने मरतात? आधी रोटिफर आणि आर्टेमियाच्या पोटात काय आहे ते बघा

लक्षण नेहमी सारखंच असतं. हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, बाराव्या-तेराव्या दिवसापर्यंत टाकी छान चाललेली असते. लार्व्हा, म्हणजे अंड्यातून निघालेली इवली पिल्लं, खातायत, पोटं नारिंगी दिसतायत, तळाशी मेलेले फारसे नाहीत. मग कुणीतरी सायफन (तळ साफ करायची नळी) जरा जोरात फिरवतो, अंधारात एकदम ट्यूब लागते किंवा ग्रेडिंगसाठी (आकाराप्रमाणे वेगळे करण्यासाठी) लार्व्हा मगने उचलले जातात, आणि पाच-दहा मिनिटांत शेकडो आडवे होतात. तोंड उघडं, कल्ल्यांची झाकणं ताणलेली, अंग कमानीसारखं ताठ. पाणी तपासलं तर अमोनिया ठीक, ऑक्सिजन ठीक, क्षारता ठीक. औषध टाकून फरक पडत नाही आणि पुढच्या बॅचला त्याच सुमारास पुन्हा तेच होतं.

असं असेल तर पहिला संशय डीएचए या ओमेगा-३ मेदाम्लाच्या कमतरतेवर घ्यायचा. मेंदू, डोळ्याचा पडदा आणि मज्जातंतूंची आवरणं यांना ते भरपूर लागतं, आणि लार्व्हाच्या वाढीच्या वेगात ही अवयवं याच दिवसांत बनत असतात. जिताड्यासारखा खाऱ्या पाण्यात जन्मणारा मासा छोट्या साखळीच्या तेलांपासून डीएचए पुरेसं बनवू शकत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. पिवळ्या पिशवीतला साठा पहिल्या काही दिवसांत संपतो. त्यानंतर रोज थोडी थोडी तूट साठत जाते आणि रूपांतराच्या सुमारास, म्हणजे लार्व्हाचा छोटा जिताडा होताना, धक्का सहन होत नाही. तूट सुरू तिसऱ्या दिवशी होते, दिसते पंधराव्या दिवशी. त्यामुळे पंधराव्या दिवशी काय बदललं हे शोधत बसण्यात वेळ जातो.

खरी अडचण अशी की रोटिफर आणि आर्टेमिया हे जिवंत खुराकाचे सूक्ष्म जीव आपण वापरतो ते सोयीसाठी. समुद्रात लार्व्हा प्रामुख्याने कोपेपॉड या इवल्या कवचधारी जिवांची पिल्लं खातो आणि त्यात डीएचए मुळातच भरपूर असतं. रोटिफरमध्ये त्याला जे खायला घातलं तेच असतं. ताज्या फुटलेल्या आर्टेमियात डीएचए जवळजवळ नसतंच, मग त्याच्या अंड्यांचा डबा कितीही महागाचा असो. ईपीए हे दुसरं ओमेगा-३ मेदाम्ल काही जातींत बरं असतं, पण ते डीएचएची जागा घेत नाही.

आधी खात्री करा की दुखणं पोषणाचंच आहे

याच वयात जिताड्याला व्हीएनएन हा विषाणूचा रोगही होतो, आणि दोन्हींची गल्लत फार होते. व्हीएनएनमध्ये लार्व्हा कुणी हात न लावताही गोल गोल फिरतात, रंग काळवंडतो, खाणं सुटतं, काही पोट फुगून उलटे तरंगतात आणि मर रोज वाढत जाते. पोषणाच्या कमतरतेत निवांत असलेला लार्व्हा अगदी सामान्य दिसतो, मरतो तो हाताळल्यावर. शंका असेल तर नमुना पीसीआरला (विषाणू शोधणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीला) पाठवा, अंदाजावर टाकी ठेवू नका. पहाटे मर होत असेल तर ऑक्सिजन बघा. पोटं दुधाळ आणि विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी असेल तर जिवाणू. त्वचेवर किंवा पंखात बुडबुडे दिसत असतील तर पाण्यात वायू जास्त विरघळलाय, पंपाच्या सक्शनला हवा ओढतेय का ते तपासा.

पोषणासाठी स्वस्त आणि विश्वासू चाचणी म्हणजे मिठाची. एक लिटरचे चार बीकर घ्या. तिघांत टाकीचंच गाळलेलं पाणी घेऊन आयोडीन नसलेलं मीठ विरघळवा आणि क्षारता ६० ते ६५ पीपीटीवर (ढोबळमानाने लिटरला तितके ग्रॅम) आणा. ३० पीपीटीचं पाणी असेल तर लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ लागतं, पण शेवटचा शब्द क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचा. चौथ्यात टाकीचं पाणी तसंच. प्रत्येकात २० लार्व्हा बीकरने उचलून सोडा, जाळीने नाही, कारण जाळीने उचलणं हाच एक धक्का आहे. दर ५ मिनिटांनी मेलेले मोजा, तासभर. साध्या पाण्यातले जगले आणि खाऱ्यातले पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच भराभर गेले तर लार्व्हा कमकुवत आहेत. एकाच चाचणीच्या आकड्याला फार अर्थ नसतो. दोन टाक्या, दोन बॅचा किंवा खुराक बदलण्याआधी आणि नंतर अशी तुलना करा. बाराव्या आणि सोळाव्या दिवशी ही चाचणी करून वहीत नोंद ठेवणाऱ्या हॅचरीला पुढचे बरेच प्रश्न पडतच नाहीत. चाचणीतले लार्व्हा परत टाकीत सोडू नका.

रोटिफर: नुसतं हिरवं पाणी पुरत नाही

सगळ्यात जास्त दिसणारी चूक इथली. रोटिफर नॅनोक्लोरोप्सिस या सूक्ष्म हिरव्या शैवालावर वाढवतात, पाणी गर्द हिरवं असतं, रोटिफर ठणठणीत असतात आणि सगळ्यांना वाटतं की काम झालं. नॅनोक्लोरोप्सिसमध्ये ईपीए भरपूर असतं, डीएचए मात्र नाममात्र. म्हणजे लार्व्हाला ईपीए मिळत राहतं, डीएचए नाही, आणि या दोघांचं प्रमाणच उलटं पडतं. माशाच्या अंड्यात डीएचए साधारण ईपीएच्या दुप्पट असतं. खुराकात निदान ते ईपीएपेक्षा जास्त असावं इतकं तरी बघायचं. बेकरीच्या यीस्टवर वाढवलेल्या रोटिफरची गत याहून वाईट, त्यात दोन्ही नसतात. यीस्ट संख्या वाढवण्यासाठी ठीक आहे, शेवटचा खुराक म्हणून नाही.

उपाय दोन. आयसोक्रायसिस या डीएचए असलेल्या शैवालाचं कल्चर जमत असेल तर काढणीआधी रोटिफर ६ ते १२ तास त्यावर ठेवा. पण आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात आयसोक्रायसिस वातानुकूलित खोलीशिवाय टिकवणं कठीण, आणि नेमका तेव्हाच हंगाम जवळ आलेला असतो. म्हणून बहुतेकांना तेलाचं इमल्शन (पाण्यात बारीक थेंबांनी मिसळणारं तेल) किंवा स्किझोकायट्रियम या सूक्ष्मजीवाची भुकटी वापरावी लागते. स्किझोकायट्रियममध्ये डीएचए भरपूर आणि ईपीए कमी, त्यामुळे नॅनोक्लोरोप्सिसवर वाढलेल्या रोटिफरशी त्याची जोडी चांगली जमते.

हिशेब असा. ५ टनांच्या टाकीत मिलिलिटरला १५ रोटिफर हवेत तर एकूण साडेसात कोटी लागतात. समृद्ध करताना, म्हणजे लार्व्हाला देण्याआधी रोटिफरला डीएचए खाऊ घालताना, घनता मिलिलिटरला ५०० ठेवली तर १५० लिटर पाणी पुरेसं होतं. इमल्शन लिटरला ५० मिलिग्रॅम, म्हणजे ७.५ ग्रॅम, आणि तीन-चार तासांनी तेवढाच दुसरा डोस. सहा-सात तासांनी काढणी. डब्यावर वेगळं प्रमाण असेल तर ते पाळा. उत्पादनांत तेलाचं प्रमाण वेगवेगळं असतं.

इमल्शन कसं कालवलं यावर निम्मं काम अवलंबून असतं. गोड्या पाण्यात घालून किचन मिक्सरमध्ये दोन-तीन मिनिटं फिरवा आणि एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. थेंब बारीक, एकसारखे आणि साधारण १० मायक्रॉनच्या आतले हवेत. तेलाचे मोठे ठिपके तरंगताना दिसले, किंवा ग्लासात वर तेलाची कड जमली, तर ते रोटिफरच्या पोटात जाणार नाही, टाकीच्या कडेला चिकटेल. वास उग्र किंवा ऑइलपेंटसारखा येत असेल तर तेल खवट झालंय, सरळ फेकून द्या. खवट तेलामुळे फायदा सोडाच, नुकसान होतं. फोडलेला डबा फ्रिजमध्ये, झाकण घट्ट.

कॉड लिव्हर ऑइल आणि अंड्याचा पिवळा बलक असं घरगुती इमल्शनही चालतं: ५ ग्रॅम तेल, एक बलक, १०० मिलिलिटर पाणी. अडीअडचणीला हे बरं आहे. पण रोज, पूर्ण बॅचभर नको. कॉड लिव्हर ऑइलमध्ये अ जीवनसत्त्व फार असतं, आणि त्याच्या अतिरेकाने लार्व्हाच्या कण्यात व्यंग येऊ शकतं. शिवाय बलकामुळे पाणी झपाट्याने नासतं.

समृद्ध केलेला रोटिफर किती वेळ समृद्ध राहतो

पोटातला खुराक गेला की रोटिफर स्वतःचं अंग जाळू लागतो. २५ अंशांना उपाशी ठेवलेला रोटिफर दिवसाभरात वजनाचा जवळपास चौथा हिस्सा गमावतो. आपल्या टाकीचं पाणी २८-३० अंशांवर, म्हणजे याहून लवकर. सकाळी घातलेले आणि संध्याकाळपर्यंत न खाल्लेले रोटिफर दुसऱ्या दिवशी तसेच लार्व्हाच्या तोंडी जातात. मोजणीत ते दिसतात, म्हणून नवा खुराक कमी घातला जातो. आकडा बरोबर, पोषण शून्य.

त्यावर तोड म्हणजे दिवसाचा खुराक एकदम न घालता तीन-चार वेळा विभागून घालणं, आणि सकाळच्या पाणीबदलाच्या वेळी जुने रोटिफर बाहेर जाऊ देणं. छोट्या एस जातीचे रोटिफर असतील तर आउटलेटला २०० मायक्रॉनची जाळी लावली की रोटिफर निघून जातात आणि लार्व्हा राहतात. पाणी हळू सोडा, नाहीतर लार्व्हा जाळीला चिकटतात. टाकीत शैवाल ठेवल्याने उरलेले रोटिफर अगदी उपाशी मरत नाहीत, पण ते पुन्हा ईपीएकडे झुकतात. हिरवं पाणी हवंच, प्रकाश मऊ करण्यासाठी आणि पाणी स्थिर ठेवण्यासाठी. पोषणाचा हिशेब त्याच्यावर सोडू नका.

संध्याकाळच्या खेपेसाठी समृद्ध रोटिफर ४ ते ८ अंशांवर, मंद हवा देऊन ठेवता येतात. बर्फाच्या बाटल्या बाहेरून लावल्या तरी चालतं. थंड रोटिफर थेट ओतले तर तळाशी बसतात, आधी दहा मिनिटं टाकीचं पाणी थोडं थोडं मिसळा.

आर्टेमिया: घड्याळ चुकतं तिथेच सगळं चुकतं

नुकत्या फुटलेल्या पिल्लाचं तोंड आणि आतडं बंद असतं. ते काहीच खात नाही. २८ अंशांना साधारण ८ तासांनी कात टाकून ते दुसऱ्या अवस्थेत जातं आणि मग पाण्यातले बारीक कण गिळू लागतं. काढणी झाल्या झाल्या इमल्शन ओतणाऱ्यांचा पहिला डोस म्हणून वाया जातो. वाया जातो इतकंच नाही, ते तेल पाण्यात पडून राहतं, जिवाणू वाढवतं, आणि पिल्लं खायला तयार होईपर्यंत पाणी बिघडलेलं असतं. दुसरी अवस्था ओळखायला सूक्ष्मदर्शकाखाली बघा: पहिली गडद नारिंगी आणि गुटगुटीत, दुसरी लांबट आणि फिकी, मधोमध आतड्याची रेघ दिसू लागते. किमान १०० पैकी ९० अशी दिसल्यावरच पहिला डोस.

एक वेळापत्रक उदाहरण म्हणून, बुधवारी सकाळी ८ वाजता खुराक द्यायचा आहे असं धरून:

सोमवार सकाळी ६: सिस्ट, म्हणजे आर्टेमियाची सुकी अंडी, पाण्यात. लिटरला २ ग्रॅम, २८ ते ३० अंश, क्षारता २५ ते ३०, पीएच ८च्या वर, खालून जोरात हवा, वर दिवा.
मंगळवार सकाळी ६: काढणी. हवा बंद करून दहा मिनिटांत टरफलं वर, न फुटलेली तळाला. मधली पिल्लं घ्या, धुवा, समृद्धीच्या टाकीत सोडा.
मंगळवार दुपारी २: तपासून पहिला डोस, लिटरला ०.३ ग्रॅम.
मंगळवार रात्री १०: दुसरा डोस, तेवढाच.
बुधवार सकाळी ८: काढणी, धुणं, खुराक.

१०० लिटरच्या टाकीत मिलिलिटरला २०० पिल्लं ठेवली तर दोन कोटी होतात. ग्रॅममागे सव्वादोन लाख पिल्लं निघतात असं धरलं तर साधारण ९० ग्रॅम सिस्ट. फूट कमी असलेला डबा असेल तर आधी एक ग्रॅम फोडून मोजा. फुटीचा दर कळल्याशिवाय डोसचा हिशेब करणं म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून तराजू धरणं. घनता ३०० च्या वर नेऊ नका. इमल्शन पडल्यावर ऑक्सिजन झपाट्याने खाली येतो. तो लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली गेला की पिल्लं खाणं थांबवतात आणि मरू लागतात. बारीक बुडबुड्यांच्या एअर स्टोनने फेस होतो आणि पिल्लं फेसात अडकतात, म्हणून उघड्या नळीने जोरात हवा द्या, गरज पडली तर शुद्ध ऑक्सिजन जोडा. रात्री दोनला जनरेटर बंद पडला आणि सकाळी पिल्लं तळाशी पांढरी दिसली तर ती धुऊन वापरायचा मोह टाळा.

दुसरी चूक काढणीनंतर होते. समृद्ध आर्टेमिया कोमट पाण्यात ठेवला की तो स्वतःच डीएचए तोडून ईपीए बनवतो. म्हणजे सकाळी केलेली मेहनत संध्याकाळपर्यंत उलटी फिरते. उरलेला साठा १० अंशांच्या खाली, हवा चालू ठेवून ठेवा. लार्व्हाच्या टाकीतही दोन-तीन तासांत संपेल इतकाच घाला. ५ टनांना मिलिलिटरला ३ म्हणजे दीड कोटी. ते एकदम नाही, चार हप्त्यांत.

आकारही ध्यानात ठेवा. ताजं पिल्लू अर्धा मिलिमीटरच्या आत असतं, समृद्ध झालेलं साडेसहाशे-आठशे मायक्रॉनवर जातं. दहाव्या-बाराव्या दिवशी आर्टेमिया सुरू करताना पहिले दोन दिवस ताजी लहान पिल्लं थोडी द्या, पण समृद्ध रोटिफर चालू ठेवून. रोटिफर त्याच दिवशी बंद करून फक्त ताज्या आर्टेमियावर नेलेली टाकी ही हमखास कोसळणारी टाकी. नारिंगी पोटं बघून मालक खूश असतो. त्या नारिंगी रंगाचा डीएचएशी काही संबंध नाही.

धुणं, तेलाचा तवंग आणि व्हिब्रिओ

समृद्धीच्या पाण्यात तेल आणि उष्णता दोन्ही असतात, जिवाणूंना आणखी काय हवं. न धुता ओतलेल्या खुराकाबरोबर व्हिब्रिओ हा रोगकारक जिवाणू लार्व्हाच्या पोटात जातो आणि मग पोषण सुधारूनही मर चालूच राहते. रोटिफर ५० ते ६० मायक्रॉनच्या जाळीवर, आर्टेमिया १२० ते १५० मायक्रॉनवर, जाळी पाण्यात बुडालेली ठेवून, दहा-पंधरा मिनिटं स्वच्छ गाळलेल्या पाण्याने धुवा. निघणारं पाणी निवळ आणि फेस नसलेलं होईपर्यंत. सिस्ट भिजवण्याआधी २०० पीपीएम हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास ठेवून धुतले तरी जिवाणू बरेच कमी होतात. दर आठवड्याला धुण्याआधीच्या आणि नंतरच्या पाण्याची टीसीबीएस प्लेट (व्हिब्रिओ वाढवून मोजायची) लावली की धुणं खरंच होतंय का ते कळतं.

पहिल्या आठवड्यात तवंगाचा आणखी एक तोटा आहे. लार्व्हाला पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो, तेव्हाच हवेची पिशवी फुगते. वर तेलाची साय असेल तर ते जमत नाही. असे लार्व्हा जगले तरी वाकड्या कण्याचे, सतत धडपडत पोहणारे निघतात. पृष्ठभागावर स्किमर लावा किंवा टिश्यू पेपर अलगद पसरून दिवसातून दोनदा उचला. या एका कारणासाठी काही जण इमल्शनच बंद करतात. ते चूक आहे, धुणं सुधारायला हवं.

एवढं करूनही फरक नाही तर

मग क जीवनसत्त्व आणि सूक्ष्म खनिजांकडे वळा. रोटिफरमध्ये कोपेपॉडच्या तुलनेत सेलेनियम, आयोडीन, मँगनीज कमी असतं. चांगल्या इमल्शनमध्ये क आणि ई जीवनसत्त्वं असतात, घरगुतीत नसतात. कोपेपॉडचं कल्चर जमलं तर सर्वोत्तम, पण जागा आणि माणूस दोन्ही खातं. खाडीतून प्लँक्टनच्या जाळीने धरलेले कोपेपॉड थेट टाकीत सोडू नका, त्यांच्याबरोबर परजीवी आणि विषाणूही येतात.

आणि बदल केल्यावर निकाल त्याच बॅचमध्ये मागू नका. तेराव्या दिवशी खुराक सुधारला तर पंधराव्या दिवसाची मर थांबणार नाही. तोवर ती टाकी कमीत कमी हाताळा: सायफन मंद, दिवा डिमरने, ग्रेडिंग दोन-तीन दिवस पुढे. पण फार पुढेही नाही. विसाव्या दिवसानंतर जिताडे एकमेकांना गिळायला लागतात आणि ग्रेडिंग टाळण्याची किंमत तिथे मोजावी लागते.

चेन्नईच्या सिबा या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये देशात पहिल्यांदा जिताड्याचं बंदिस्त प्रजनन केलं. रायगडच्या खाजणांत आणि खाडीतल्या पिंजऱ्यांत सोडलं जाणारं बीजही बऱ्याचदा पूर्व किनाऱ्यावरून येतं. बीज विकत घेणाऱ्याने म्हणूनच फक्त इंच आणि दर विचारून थांबू नये. रोटिफर कशावर वाढवले, आर्टेमिया कितव्या तासाला समृद्ध केला, मिठाची चाचणी कधी केली, हे तीन प्रश्न फोनवर विचारा. हॅचरीवाला तासांच्या हिशेबात उत्तर देत असेल तर पिशवी उघडल्यावर मर कमी निघण्याची शक्यता बरीच. नुसतं कंपनीचं नाव सांगत असेल तर पन्नास पिल्लं आधी मागवून मिठाच्या पाण्यात घालून बघा.